वेझेरचे खोरे पायी पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत फ्रान्समधील लास्को गुहेवर आलेला प्रवासलेख वाचला. लेखाची भाषा ओघवती आहे आणि अश्मयुगीन चित्रकाराविषयी लेखकाला वाटणारा आदर मनापासूनचा आहे, याबद्दल शंका नाही. तरीही त्यातील दोन विधाने तशीच राहिली तर वाचकांची दिशाभूल होईल, म्हणून हे पत्र. आपण मूळ चित्रांसमोर उभे राहिलो, असे लेखक सांगतात; आणि शेवटी, लास्को अर्ध्या दिवसात उरकते, त्या खोऱ्यात मुक्काम करण्यासारखे दुसरे काही नाही, असा सल्ला देतात. पहिले विधान चुकीचे आहे. दुसरे चुकीचे तर आहेच, पण त्यावर विसंबून सहलीचा बेत आखणाऱ्याचे नुकसान करणारेही आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तुलूझला असतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत दोनदा वेझेर नदीच्या या खोऱ्यात राहण्याचा योग आला, आणि दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे नवरा-बायको तिथे नऊ दिवस बहुतांश पायी हिंडलो. त्या आधारावर लिहीत आहे.

आधी लास्कोविषयी. १२ सप्टेंबर १९४० रोजी मोंतिन्याक गावाजवळच्या टेकडीवर मार्सेल राविदा आणि त्याचे तीन मित्र एका बिळासारख्या भोकातून आत उतरले आणि त्यांना ही चित्रे दिसली, हा प्रसंग लेखात चांगला रंगवला आहे. त्या वेळी फ्रान्स युद्धात पराभूत होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. चौघांपैकी सिमाँ कोएन्का हा ज्यू कुटुंबातला मुलगा होता आणि पुढे त्याचे आईवडील छळछावणीत मारले गेले, हे लेखात आले असते तर त्या गोष्टीचे वजन वाढले असते. गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. दिवसाला हजारावर माणसे आत जाऊ लागली, त्यांच्या श्वासातील कर्बवायू, अंगाची ऊब आणि ओलावा यांनी पंधरा वर्षांत असे काही केले, जे सतरा हजार वर्षांत झाले नव्हते. भिंतींवर हिरवे शेवाळ चढले, पाठोपाठ चुन्याचे पांढरे पापुद्रे धरू लागले. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी १९६३ मध्ये गुहा बंद केली. त्यानंतर सर्वसामान्य प्रवाशाला ती पुन्हा कधीही उघडलेली नाही. आज पर्यटक पाहतो त्या प्रतिकृती आहेत. मूळ गुहेपासून सुमारे दोनशे मीटरवर १९८३ मध्ये एक झाली, आणि टेकडीच्या पायथ्याशी डिसेंबर २०१६ मध्ये जवळजवळ संपूर्ण गुहेची दुसरी उभी राहिली. आपल्या लेखकाने पाहिली ती ही दुसरी, हे त्यांनी केलेल्या काचेच्या भव्य इमारतीच्या वर्णनावरूनच कळते.

यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. गाभाऱ्यातली मूळमूर्ती जागेवर राहते आणि पालखीत उत्सवमूर्ती निघते, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. उत्सवमूर्तीला हात जोडणारा भाविक फसवला गेला, असे कोणी म्हणत नाही. लाखो हातांच्या स्पर्शाने मूर्ती झिजते आणि मग वज्रलेप करावा लागतो, हे पंढरपूरच्या निमित्ताने आपण सर्वांनी वाचलेले आहे. लास्कोमध्ये झीज हाताने नव्हे तर श्वासाने झाली, एवढाच फरक. प्रतिकृतीतील बैलांच्या दालनात पाच मीटरांहून लांब असा रानबैल डोक्यावरून धावतो, त्याच्या शिंगांचे वळण आणि खडकाचा फुगवटा एकमेकांत असे मिसळतात की पाहणारा आपोआप गप्प होतो. मात्र त्यापुढची पडद्यांची आणि दिव्यांची दालने मला अंगावर आल्यासारखी वाटली, हेही प्रामाणिकपणे सांगते. चित्र पाहून झाल्यावर दहा मिनिटे शांत बसता येईल अशी जागा तिथे असती, तर ती अधिक उपयोगाची झाली असती. पण मुद्दा वेगळा आहे. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तो लेखकाने टाळला: मूळ गुहाच पाहता येत नसेल, तर त्या खोऱ्यात जायचे कशासाठी?

माझे उत्तर असे की, जागेसाठी जायचे. या खोऱ्यात सापडलेल्या वस्तू बहुतेक सगळ्या अन्यत्र गेल्या आहेत. ला माद्लेन येथे १८६४ मध्ये मिळालेला, मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातील केसाळ हत्तीच्या, सुळ्यावर कोरलेला मॅमथ पॅरिसमध्ये आहे. १८६८ मध्ये क्रो-मॅग्नन येथे सापडलेली अश्मयुगीन माणसांची हाडे, ज्यांच्या नावाने आपण आजही पाठ्यपुस्तकात धडा शिकवतो, तीही पॅरिसमध्येच आहेत. लोसेलची हातात शिंग धरलेली स्त्रीमूर्ती बोर्दोला, काप ब्लाँच्या कपारीत पुरलेल्या स्त्रीचा सांगाडा शिकागोला. म्हणजे उचलून नेण्याजोगे ते नेले गेले, आणि जे सर्वांत मोलाचे होते त्याचे दार बंद झाले. उरले ते कडे, कपारी, नदी आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव घातले तेही एकट्या लास्कोचे नाही, तर खोऱ्यातील पंधरा स्थळांचे मिळून. ही पंधरा ठिकाणे पाहिल्याशिवाय खोरे कळत नाही, आणि ती मोटारीने पाहिली तर पंधरा वाहनतळ आणि पंधरा तिकीटखिडक्या यांखेरीज फारसे लक्षात राहत नाही.

भूगोल शिक्षिकेला इथे थोडे थांबू द्यावे. वेझेर नदी मिलवाश नावाच्या उंच, ओलसर पठारावर उगम पावते, तिथला खडक ग्रॅनाइट. खाली येताना ती चुनखडीच्या प्रदेशात शिरते आणि लिमय गावापाशी दोर्दोन्य नदीला मिळते. चुनखडीत काही थर कठीण, काही मऊ. हिमयुगातील थंडीत मऊ थरातील पाणी गोठे, वितळे, पुन्हा गोठे, आणि तो थर आतून पोखरत जाई. वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राही. अशा पडवीसारख्या कपारींना पुरातत्त्वात शैलाश्रय म्हणतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कपारीत दिवसभर ऊन, समोर नदी, नदीच्या काठाने ये-जा करणारे रेनडिअरचे कळप: राहायला याहून सोयीची जागा त्या काळी कुठे मिळाली असती? आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट असा पोखरला जात नाही, म्हणून भाजे, कार्ले, अजिंठा येथे माणसाला छिन्नी-हातोडा घेऊन कडा कोरावा लागला. तिथे घर आयते मिळाले, आपल्याकडे ते खोदून काढावे लागले. वर्गात फळ्यावर आकृती काढून मी हे कितीदा तरी समजावले असेल, पण लेझेझी गावात, जिथे घरांची मागची भिंत म्हणजे सरळ कडाच आहे आणि कौलांवर खडकाचा ओठ आलेला आहे, तिथे ते एका नजरेत कळते.

लेझेझी हेच मुक्कामाला योग्य गाव. मोंतिन्याकहून ते नदीच्या खालच्या अंगाला साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय प्रागितिहास संग्रहालय इथे आहे. ते मुळात ज्या पडक्या गढीत सुरू झाले, ती सरकारने १९१३ मध्ये विकत घ्यावी म्हणून ज्याने खटपट केली तो दनी पेरोनी हा या गावचा शाळामास्तर होता, हे नमूद करताना मला, का लपवू, अभिमान वाटतो. गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर फाँ-द-गोम ही गुहा आहे आणि तिच्यातील चित्रे १९०१ च्या सप्टेंबरात याच मास्तरांनी ओळखली. गुहा गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती, भिंतींवर लोकांनी आपली नावेही कोरून ठेवली होती (गडकोटांवर हिंडणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही), पण नावांच्या खाली गवे आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अनेक रंगांत रंगवलेली मूळ चित्रे सामान्य माणसाला पाहता येतील अशी फ्रान्समध्ये आता ही एकच गुहा उरली आहे. त्यामुळे मूळ चित्रांसमोर उभे राहण्याचा जो अनुभव आपल्या लेखकाला लास्कोत आल्यासारखा वाटला, तो खरोखर हवा असेल तर तो इथे मिळतो.

आम्हाला तो पहिल्या दिवशी मिळाला नाही. आगाऊ नोंदणी न करता गेलो आणि त्या दिवसाच्या जागा संपल्याचे नम्रपणे ऐकून परतलो. चूक सर्वस्वी आमची होती, कारण आत सोडण्याची रोजची संख्या फार थोडी आहे आणि एका वेळी मोजकीच माणसे नेतात. तीन दिवसांनी गेलो तेव्हा मार्गदर्शक बाईंनी पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या आणि भिंतीला खांदाही लागू देऊ नका असे बजावले, कारण वाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. एका जागी त्यांनी विजेरी तिरपी धरून हलवली आणि नुसत्या तांबूस डागासारखा वाटणारा भाग अचानक गव्याची पाठ झाला. खडकाचा नैसर्गिक उंचवटा म्हणजे त्याचे वशिंड, भेगेची रेघ म्हणजे पोट, आणि चित्रकाराने फक्त पाय, शिंग आणि डोळा जोडलेला. पुढे एक रेनडिअर नर खाली वाकून, गुडघे टेकून बसलेल्या दुसऱ्याचे कपाळ चाटतो आहे, असे एक चित्र आहे. ते निम्मे पुसट झाले आहे. मार्गदर्शक बाईंनी बोटाने हवेत त्याची जीभ गिरवून दाखवली तेव्हाच ते आम्हाला दिसले, आणि एकदा दिसल्यावर मात्र दिसेनासे होईना.

आता वाटांविषयी, कारण या पत्राचा खरा विषय तोच आहे. फाँ-द-गोमपासून ब्योन नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात एक पायवाट शिरते. कधी दलदलीच्या कडेने, कधी ओकच्या रानातून, कधी चक्क कोणाच्या अक्रोडाच्या बागेतून ती आठ-दहा किलोमीटरवरच्या कोमार्कच्या पडक्या किल्ल्याकडे जाते. वाटेवर झाडाच्या बुंध्यावर, दगडावर, विजेच्या खांबावर बोटभर रुंदीचे रंगाचे पट्टे असतात. पांढऱ्याखाली तांबडा पट्टा म्हणजे लांब पल्ल्याचा राष्ट्रीय मार्ग. लेझेझीतून जाणारा ‘जीआर ३६’ हा त्यांपैकीच, तो उत्तरेकडे नॉर्मंडीच्या समुद्रकिनाऱ्यापासून निघून दक्षिणेला पिरेनीज पर्वतापर्यंत जातो. नुसता पिवळा पट्टा म्हणजे एका दिवसात फिरून परत येण्याची स्थानिक वाट. आणि पट्ट्यांची फुली दिसली तर समजावे की आपण चुकलो, मागे फिरावे. आम्ही गप्पांच्या नादात एक वळण सोडले आणि दोनशे पावलांवर बीचच्या झाडावर फुली भेटली. ही व्यवस्था इतकी साधी आहे की भाषा न येणाऱ्या माणसालाही ती अर्ध्या तासात वाचता येते.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर सत्तरीचे एक गृहस्थ भेटले. खांद्याला झोळी, हातात तारेचा ब्रश, कमरेला अडकवलेले रंगाचे दोन लहान डबे. ते बुंध्यावरचे शेवाळ ब्रशने हळूच खरवडत होते, मग पत्र्याचा साचा टेकवून त्यातून रंग देत होते. साचा दहा सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद. देशभर मोजमाप हेच. मुलगी दुभाषाचे काम करीत होती म्हणून बोलणे झाले. पोस्टात नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि पदयात्रा महासंघाचे स्वयंसेवक म्हणून वाटेचा ठरावीक तुकडा त्यांच्याकडे होता. या कामाचे त्यांना पैसे मिळत नव्हते. रंग कोणत्या बाजूने दिसला पाहिजे हे ठरवण्यासाठी ते प्रत्येक झाडापासून पाऊणशे पावले मागे जाऊन, अनोळखी माणसासारखे पुन्हा चालत येत. ‘मला वाट पाठ आहे, हीच अडचण आहे,’ असे ते म्हणाले. जन्मभर तोच धडा शिकवणाऱ्या शिक्षकाची अडचण याहून निराळी नसते.

ही वाट खाजगी बागेतून कशी जाते, मालक अडवत कसा नाही, हा प्रश्न खेड्यात वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला पडेल तसा मलाही पडला. आपल्याकडे पाणंद म्हणजे काय आणि ती कशी नाहीशी होते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. गावनकाशात तुटक रेघांनी दाखवलेली गाडीवाट. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने आत सरकतात, मग बैलगाडीची वाट माणसाची होते, माणसाची वाट काट्यांची होते, आणि शेवटी वहिवाटीचा दावा घेऊन मामलेदारापुढे उभे राहावे लागते. फ्रान्समध्येही हेच झाले. ट्रॅक्टर आले, शेते एकत्र झाली, जुन्या गाववाटा नांगरल्या गेल्या किंवा शेजारच्या शेतकऱ्याने गिळल्या. मात्र दोन गोष्टी तिथे वेगळ्या घडल्या. १९४७ पासून चालणाऱ्या मंडळींनीच लांब पल्ल्याचे मार्ग आखायला आणि रंगवायला सुरुवात केली. आणि १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने फिरण्याच्या वाटांचा आराखडा करावा, असे ठरले. एखादी गाववाट त्या आराखड्यात आली तरी गावाला ती विकता किंवा बंद करता येते, पण त्याआधी तिच्याइतकीच चांगली पर्यायी वाट सुचवावी लागते. खाजगी जमिनीतून वाट जात असेल तर मालकाशी करार होतो. म्हणून त्या अक्रोडाच्या बागेच्या टोकाला कुलूप नसलेले लाकडी फाटक होते, आणि त्यावर ‘फाटक लावून घ्यावे’ एवढीच पाटी होती.

त्या वाटेने कोमार्कला पोहोचण्यात जी मौज आहे ती मोटारीच्या रस्त्यात नाही. दलदलीच्या पलीकडे, झाडीतून एकदम वर आलेला बुरूज दिसतो. मध्ययुगात भरभराटीला आलेला हा किल्ला पुढे ओस पडला, रानाने झाकला गेला आणि १९६८ मध्ये मूळ घराण्याच्याच एका वारसाने विकत घेऊन त्याची साफसफाई व डागडुजी सुरू केली. किल्ल्याखालच्या खडकात वरच्या भिंतींहून कित्येक पटींनी जुनी एक गुहा आहे, तिच्यात घोड्याचे कोरलेले शिर आहे; ती बंद असते. समोरच्या बाजूला लोसेलचा दुर्ग, आणि त्याच्याजवळच्या शैलाश्रयात १९११ मध्ये ती शिंगधारी स्त्रीमूर्ती मिळाली. वीतदोन वितींची ती मूर्ती, तिच्या हातातील गव्याच्या शिंगावर तेरा रेघा. त्या रेघा चंद्राच्या, की महिन्यांच्या, की आणखी कशाच्या, यावर विद्वानांचे वाद आहेत. मूर्ती बोर्दोत काचेआड आहे. पण ती जिथे घडली त्या कपारीसमोरच्या ओल्या कुरणात उभे राहून पाहिले की एकाच दृष्टिक्षेपात पंचवीस हजार वर्षे आणि मध्ययुगातला बुरूज असे दोन्ही मावतात. बसने आलेल्या माणसाला हे दाखवता येत नाही.

लेझेझीच्या दुसऱ्या अंगाला, गावापासून जवळच, माशाचा शैलाश्रय म्हणून एक जागा आहे. ती मागणीनुसार थोड्या लोकांना दाखवतात आणि बहुतेक प्रवासी ती गाळतात. छतावर सुमारे मीटरभर लांबीचा सॅमन मासा कोरलेला आहे. तोही साधासुधा नाही: त्याचा खालचा जबडा वर वळलेला आहे, म्हणजे अंडी घालण्याच्या हंगामानंतर थकलेला नर, हे कोरणाऱ्याने नेमके टिपले आहे. आणि त्याच्याभोवती चारही बाजूंनी खोल चर आणि भोके आहेत. १९१२ मध्ये मासा सापडला तेव्हा तो छतातून कापून बर्लिनच्या संग्रहालयाला विकण्याचा घाट घातला गेला होता. काम चालू असतानाच सरकारने ते थांबवले. छिन्नीचे ते चर अजून तसेच आहेत, कोणी बुजवलेले नाहीत. माझ्या मते या खोऱ्यातील सर्वांत बोलके कोरीवकाम म्हणजे मासा आणि त्याच्याभोवतीचा हा चौकोन, दोन्ही मिळून.

नदीच्या वरच्या अंगाला ला रोक सँ-क्रिस्तोफ हा सुमारे एक किलोमीटर लांब आणि ऐंशी मीटर उंच कडा आहे. त्याच्या पाच मजली कपारींत अश्मयुगापासून सोळाव्या शतकापर्यंत माणसे राहत आली. धर्मयुद्धांच्या काळात १५८८ मध्ये ही वसती पाडण्यात आली. आज खडकात तुळया बसवण्याच्या चौकोनी खोबणी तेवढ्या दिसतात. लेणी पाहिलेल्या माणसाला त्या खोबणी वाचायला शिकवावे लागत नाही. इथे मात्र पुतळे आणि लाकडी यंत्रे उभी करून मुलांसाठी बरेच नाटक रचले आहे, ते मला रुचले नाही. त्याच्या जवळच सँ-लेओं-स्युर-वेझेर हे नदीच्या वळणावरचे लहानसे गाव, दगडी पातळ फरशांच्या छपराचे जुने, मध्ययुगीन रोमनेस्क शैलीतील चर्च आणि समोर पाण्यात उतरणारी हिरवळ. गावाच्या वरच्या टेकडीवर तिबेटी बौद्धांचे केंद्र आहे आणि रानातून चालताना अचानक पताका फडफडताना दिसतात, तेव्हा क्षणभर आपण कुठे आहोत हेच कळेनासे होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. एप्रिलअखेर ते जून किंवा सप्टेंबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये नदी होड्यांनी आणि रस्ते मोटारींनी भरून जातात. गुहांची नोंदणी महिना-दोन महिने आधी करावी. गुहेत बाराही महिने तेरा-चौदा अंशांच्या आसपास तापमान असते, तेव्हा उन्हाळ्यातही स्वेटर जवळ हवा. दुपारी बारा ते दोन गावातील दुकाने बंद असतात आणि त्याबद्दल कोणालाही घाई नसते, म्हणून पाव, चीज आणि फळे सकाळीच पिशवीत टाकून निघावे. शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या भागात बटाट्याच्या लसूण घातलेल्या खमंग काचऱ्या सर्वत्र मिळतात, पण त्या बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परतलेल्या असतात. आमच्या ह्यांनी पहिल्याच रात्री दोन वेळा मागून घेतल्या आणि मुलीने सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. अक्रोड घातलेली हिरवी पानांची कोशिंबीर आणि बकरीच्या दुधाच्या छोट्या चकत्यांचे चीज यांवर मात्र निर्धास्तपणे राहता येते.

शेवटी आणखी एक दुरुस्ती. या खोऱ्यात रेल्वे नाही, असे लेखात म्हटले आहे. रेल्वे आहे. पेरिग्यूहून आजँकडे जाणारी गाडी लेझेझीला थांबते, आणि स्थानकालगत रस्त्यासाठी माती काढतानाच १८६८ मध्ये कामगारांना क्रो-मॅग्नन माणसाची हाडे सापडली होती. ती कपार स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. आमची एक चुकली आणि आम्ही ते तास त्या कपारीसमोरच्या बाकावर काढले.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
सातारा